सात उत्तरपत्रिका आणि एक बकरी

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. दसऱ्यानंतर शाळा उघडली त्या दिवशी मी आठ विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क म्हणून ७६,४०० रुपये मुंबईच्या परीक्षा केंद्राच्या खात्यात भरले. परीक्षा इटालियन भाषेची होती. इटलीतले एक विद्यापीठ ती जगभरच्या शाळकरी मुलांसाठी घेते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात, प्रश्नपत्रिका सगळीकडे सारखी असते आणि उत्तरपत्रिका तपासायला थेट इटलीला जातात. पनवेलजवळच्या करंजाड्याच्या आमच्या शाळेतून त्या परीक्षेला कुणी बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

ऑनलाइन फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाचे नाव आणि पात्रता'. तो मी रिकामा सोडला आणि मुख्याध्यापिका चारुता मॅडमना विचारायला गेलो.

"माझं नाव घाला," त्या म्हणाल्या. "एम.ए., बी.एड. लिहा. कशातलं ते विचारलंय का?"

"नाही."

"मग झालं तर."

मुलांना इटालियन शिकवणारा माणूस दहावी नापास होता. त्याचे नाव बळीराम घरत. हे लिहायचे ते त्याच्याबद्दल.

बळीराम चिरनेरच्या शेजारच्या एका लहान गावचा. घरची भातशेती होती आणि मिठागरात थोडा वाटा होता. जमिनी बंदराच्या प्रकल्पात गेल्या तेव्हा प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरटी एकच मिळाला. तो मोठ्या भावाने घेतला आणि बंदरात नोकरीला लागला. धाकट्या बळीरामच्या वाट्याला काही उरले नाही. १९९८ साली, चोवीस वर्षांचा असताना, तो मुंबईच्या एका एजंटमार्फत बोटीवर गेला. इटलीतल्या जेनोव्हाहून सुटणारी प्रवासी बोट होती. पहिली अडीच वर्षे तो तळमजल्यावर भांडी धुण्याच्या मशिनीसमोर उभा होता. त्याच्या शेजारी ताटे रिकामी करून देणारा एत्तोरे नावाचा इटालियन माणूस होता. एत्तोरेला इंग्रजी येत नव्हते. बळीरामलाही नव्हते.

"मना इंग्रजी येत नव्हती तेच बरं झालं, भाऊसाहेब," तो मला सांगायचा. शाळेच्या हेडक्लार्कला आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात. "ज्यांना येत होती ते इंग्रजीवरच भागवीत राह्यले. आमी दोघं आठ आठ तास एकमेकांच्या तोंडाकडं बगत होतो. मग बोलणार नाय तर काय करणार?"

पुढे तो वर जेवणाच्या हॉलमध्ये वाढपी झाला. वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी, अशी बावीस वर्षे गेली. २०२० साली बोटी बंद पडल्या आणि तो घरी आला. दुसऱ्या वर्षी परत बोलावणे आले, पण तपासणीत साखर निघाली आणि कंपनीने त्याला घेतले नाही. तोवर तो करंजाड्याला दोन खोल्यांत राहायला आला होता. बायको चंद्रावती हळदी-लग्नांसाठी तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. गावाकडे कुठल्याही हळदीला गेले की मोठ्या भावाची ओळख 'पोर्टातला' म्हणून करून देत आणि बळीरामची 'बोटीवरचा' म्हणून. २०२१ नंतर त्याची ओळख करून देताना लोक जरा थांबायचे. हे मला त्याने सांगितलेले नाही. चंद्रावतीने सांगितले.

२०२२ च्या जूनमध्ये तो आमच्या शाळेच्या बसवर अटेंडंट म्हणून लागला. मुले चढताना तो त्यांना मोजायचा ते इटालियनमध्ये, 'उनो, दुए, त्रे' असे. दिवाळीपर्यंत बस नंबर चारमधली सगळी मुले शंभरापर्यंत मोजायला लागली. पुढे ती खिडकीच्या जागेवरून भांडायची तीही त्याच भाषेत. पालकांना वाटले, शाळेने काही नवीन सुरू केले आहे.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष निकेशशेठ बांधकाम व्यावसायिक आहेत. ते युरोपची सहल करून आले होते आणि शाळेच्या माहितीपत्रकात एखादी परदेशी भाषा असावी असे त्यांच्या मनात होते. जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी तासाचे बाराशे सांगितले होते. त्यावर झालेल्या मीटिंगमध्ये टिपणे घ्यायला मी होतो.

"आपल्या गाडीवर इटालियन बोलणारा माणूस हाय, आणि आपण बाराशे द्यायला निघालोय?" शेठ म्हणाले.

"पण शेठ, क्वालिफिकेशनचं काय?" चारुता मॅडमनी विचारले.

"बावीस वर्षं गोऱ्यांना जेवण वाढलंय त्यानं. त्यांचं पोट भरलं ना? अजून काय क्वालिफिकेशन पायजे?"

जून २०२३ पासून सोमवार आणि बुधवार, शाळा सुटल्यावर, वर्ग सुरू झाला. कागदोपत्री बळीराम 'भाषा उपक्रम, मदतनीस' होता, तासाला अडीचशे रुपयांवर. सकाळ-संध्याकाळची बसची ड्यूटी चालूच राहिली. फक्त त्या दोन दिवशी संध्याकाळच्या फेरीवर दुसरा माणूस जाई.

त्याचा वर्ग मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत असे. तो कॅन्टीनमधून ताटे, पेले आणि एक चादर घेऊन यायचा आणि बाके जोडून टेबल मांडायचा. चार मुले गिऱ्हाईक आणि चार वाढपी. गिऱ्हाइकाने तक्रार करायची आणि वाढप्याने समजूत काढायची. सूप थंड आहे, बिल जास्त लावले, माझ्या नवऱ्याला मासे चालत नाहीत. वर्गात मराठी बोलले की पेला उलटा ठेवायचा आणि उलट्या पेल्यात पाणी मिळायचे नाही. एप्रिल महिन्यात हे नियम फार जाचायचे आणि मुले फार लवकर शिकायची.

जून २०२४ मध्ये शेठनी अट घातली. आठवी-नववीतली आठ मुले परीक्षेला बसवायची. त्यातली सहा पास झाली तर बळीरामला भाषा प्रशिक्षक म्हणून नेमणुकीची ऑर्डर द्यायची आणि पाचवीपासून वर्ग सुरू करायचे. नाहीतर उपक्रम बंद.

बळीराम त्या दिवशी ऑफिसात आला आणि उभाच राहिला. बस म्हटले तरी बसला नाही.

"ऑर्डर म्हंजे कागदावर ना, भाऊसाहेब?"

"कागदावरच. शिक्का मारून."

"आनि त्याच्यात प्रशिक्षक असं लिवतील?"

"ठरावात तसंच लिहिलंय."

"मंग बसवूया पोरांना," तो म्हणाला, जणू मुलांना बसमध्येच बसवायचे होते.

सप्टेंबरात नमुना प्रश्नपत्रिका आल्या. ऐकण्याचा भाग मुलांनी हसत हसत सोडवला. वाचनात अडखळली, पण निभावली. लेखनाला मात्र सगळ्यांनी हात टेकले, आणि सगळ्यात आधी बळीरामने. त्याला लिहिता येत नव्हते. बोटीवर तो भाषा कानाने शिकला होता. मेनूकार्ड आणि ड्यूटीचा तक्ता याच्यापलीकडे त्याने काही वाचले नव्हते. नमुन्यात मित्राला शंभर शब्दांचे पत्र लिहायला सांगितले होते. बस लावून झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि ती प्रश्नपत्रिका त्याने टेबलावर ठेवली.

"लिवायचं मना जमायचं नाय, भाऊसाहेब. पोरांना काय दाखवू?"

यापुढचे जे आहे ते मी सुचवले. मी कॉमर्सचा विद्यार्थी. व्यापारी पत्रव्यवहाराच्या पेपरला आम्ही पाच पत्रे पाठ करून जात असू. त्यातले एक तरी येईच. नाही आले तर आलेला विषय वळवून आपल्या पत्रावर आणायचा, हेही आम्हाला सरांनीच शिकवले होते. माझ्या दोन्ही मुलांनी दहावीचे निबंध असेच लिहिले आणि दोघांना चांगले गुण पडले. यात काही वावगे असेल असे मला वाटले नाही. खरे सांगायचे तर यापेक्षा दुसरी रीत मला माहीतच नव्हती.

"जाणकाराकडून एक उत्तम पत्र लिहून घ्या," मी म्हणालो. "मुलांकडून घोकून घ्या. विषय काहीही येऊ दे, शेवटी आपल्या पत्रावर यायचं."

"जाणकार कोन?"

"तुमचा एत्तोरे आहे की."

एत्तोरे आता एकाहत्तर वर्षांचा आहे आणि जेनोव्हाच्या मागच्या डोंगरातल्या एका गावात राहतो. बळीराम त्याच्याशी दर रविवारी फोनवर बोलतो. त्याने दोन दिवसांत हाताने पत्र लिहून त्याचा फोटो पाठवला. बळीरामने मला ते वाचून आणि अर्थ सांगून दाखवले. लहानपणी एत्तोरे सुट्टीत मावशीकडे जायचा. घराला अठरा दगडी पायऱ्या, मागे अंजिराचे झाड, आणि नेरीना नावाची काळी बकरी. मावशीची रविवारी चर्चला जायची टोपी एकदा त्या बकरीने खाल्ली आणि मावशी डोक्याला फडके गुंडाळून चर्चला गेली. पत्र खरोखर सुंदर होते. बळीराम वाचताना दोनदा हसला. मी त्याच्या आठ झेरॉक्स काढून दिल्या.

नोव्हेंबरभर पाठांतर चालले. एक मुलगी मात्र त्यात कमी होती. मनस्वी, नववीतली, मोरा बंदरावरची. शिक्षणासाठी करंजाड्याला मामीकडे राहते. तिच्या काकाचे लग्न निघाले आणि पाठांतराच्या शेवटच्या आठवड्यात ती हळदीला, लग्नाला आणि पूजेला मोऱ्याला होती. परत आली ती परीक्षेच्या आदल्या दिवशी.

केंद्राकडून आलेल्या सूचना मी सगळ्या वाचल्या होत्या. काळे पेन, मूळ ओळखपत्र, मोबाइल बंद, पाऊण तास आधी हजर. चौदावी सूचना अशी होती की लेखन उमेदवाराचे स्वतःचे असावे. मी तिचा अर्थ नक्कल करू नये असा लावला आणि मुलांना तसे बजावून सांगितले. त्यांनी ते तंतोतंत पाळले. आजही मी हे खात्रीने म्हणतो की परीक्षेत कुणी कुणाच्या कागदाकडे पाहिले नाही.

५ डिसेंबरला आम्ही शाळेच्या बसने मुंबईला गेलो. चारुता मॅडम, मी, आठ मुले, ड्रायव्हर आणि बळीराम. बळीराम तिथे बसचा अटेंडंट म्हणून आला होता, कारण शिक्षकाच्या जागी मॅडमचे नाव होते आणि आत एकाच शिक्षकाला सोडत होते. तो दिवसभर गेटबाहेर ड्रायव्हरबरोबर बसला.

दुपारी तोंडी परीक्षा झाली. केंद्राच्या समन्वयक अरुंधती मॅडम आमच्याच मराठी मुलखातल्या, इटलीत शिकून आलेल्या. त्या बाहेर आल्या आणि चारुता मॅडमना म्हणाल्या, "अहो, तुम्ही या मुलांना काय शिकवलंयत! दहा-दहा वर्षं शिकलेल्यांना असं बोलता येत नाही. हे लोक इटालियनमध्ये चक्क भांडतात!"

चारुता मॅडम म्हणाल्या, "आमच्या शाळेचा उपक्रमच आहे तो."

मी बाहेर जाऊन बळीरामला हे सांगितले.

"भांडतात असं बोलली ती?"

"चक्क भांडतात, असं म्हणाल्या."

त्याने ते ड्रायव्हरला ऐकवले. ड्रायव्हर म्हणाला, "त्याच्यात काय, आपली पोरं जलमतःच भांडतात." पण बळीरामचा चेहरा त्यानंतर बराच वेळ खुललेलाच राहिला होता.

परतीच्या वाटेवर बसमध्ये नुसता कल्ला होता. लेखनाला प्रश्न आला होता, 'सुट्टीत तू जिथे जातोस त्या जागेबद्दल मित्राला लिही.' पत्र जसेच्या तसे बसले होते.

"काका, पायऱ्यासुद्धा लिहिल्या! अठराच्या अठरा!"

"मी टोपी विसरलो होतो, मग शेवटी घातली!"

मनस्वी पुढच्या बाकावर एकटीच बाहेर बघत होती. बळीरामने तिला विचारले, "तुझं काय गं?"

"मला बकरीनंतरचं आठवेना, काका. मी मोऱ्याचं लिहिलं. धक्क्याचं. धक्क्याला काय म्हणतात तेपण आठवेना, म्हणून बोटी थांबतात ती जागा असं लिहिलं. खूप चुकलं असेल ना?"

"तुला सांगितलं होतं ना पाठ कर म्हनून?" तो तिच्यावर ओरडला. मी त्याला मुलांवर ओरडताना त्याआधी कधी पाहिले नव्हते. "लगीन काय तुझं होतं? सहा पायजेत आपल्याला, सहा!"

कळंबोलीला बस थांबवून त्याने सगळ्यांना उसाचा रस पाजला, तेव्हा पोरगी खाली उतरली नाही. तो तिचा पेला वर घेऊन गेला.

२४ फेब्रुवारीला केंद्राचा मेल आला. आमच्या शाळेच्या आठही उमेदवारांचे निकाल रोखले होते. कारण लेखनविभाग. मी मेल तीनदा वाचला आणि फोन लावला. अरुंधती मॅडमनीच उचलला.

"मी तुम्हाला काय सांगू?" त्या म्हणाल्या. "सात मुलांची एकच मावशी आहे. सातही जणांच्या मावशीच्या घराला अठरा पायऱ्या आहेत. सातही जणांकडे एकच बकरी, नाव नेरीना, आणि तिने सातही ठिकाणी टोपी खाल्ली. तपासणाऱ्या बाईंनी मला विचारलं, पनवेल हे डोंगरातलं गाव आहे का?"

"मॅडम, मुलांनी कॉपी केलेली नाही."

"मला माहितेय. मी हॉलमध्येच होते. पाठ केलंय. पण त्यांच्याकडे दोन्हीला एकच नाव आहे हो. पत्र लिहिणारा इटालियन आहे हेही त्यांना कळलं. मुलांना असं लिहिता येणार नाही."

"आमच्याकडे असंच लिहितात. बोर्डातसुद्धा."

"मला सांगताय? मीपण इथलीच आहे. तिकडच्या कॉलेजात मी असं लिहिलं तेव्हा माझापण पेपर परत आला होता."

"मग आठव्या मुलीचं काय? तिने स्वतःचं लिहिलंय."

"मोऱ्याचं ना? मी वाचलं ते. चुका आहेत, पण पास होण्यासारखं आहे. छान आहे. पण संशय आला की सगळी तुकडीच रोखतात, नियमच आहे तसा. बोलण्याचे तुमच्या मुलांचे गुण सांगू का? नको, जाऊ दे. आता त्याचा उपयोग नाही."

मी तिच्यासाठी वेगळा अर्ज केला. चार दिवसांनी उत्तर आले. निर्णयाचा फेरविचार होत नाही, पुढच्या सत्रात पुन्हा शुल्क भरून बसता येईल. तेच उत्तर सगळ्यांना जात असावे, कारण त्यात मनस्वीचे नावही नव्हते.

संस्थेने खुलासा मागितला. तो मी टाइप केला. पहिल्या मसुद्यात मी लिहिले की पत्र पाठ करून घेण्याची सूचना कार्यालयाने केली होती. चारुता मॅडमनी त्या ओळीवर रेघ मारली.

"भाऊसाहेब, कार्यालय म्हणजे शाळा झाली. शाळेनं सांगितलं असा अर्थ होतो. पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर होताय, तुम्हाला हे कशाला हवंय?"

"पण खरं तेच आहे, मॅडम."

"मग पालकांना काय सांगायचं? शाळेनं तुमच्या मुलांना कॉपी शिकवली?"

मी दुसरा मसुदा केला. परीक्षेच्या फॉर्मवर बळीरामचे नाव कुठेच नव्हते. खुलाशात ते पहिल्यांदा आले. उपक्रमाचे मदतनीस श्री. बळीराम घरत यांनी शाळेस न कळवता एक तयार मजकूर विद्यार्थ्यांना दिला, असे ते वाक्य आहे. ते मीच टाइप केले आहे.

८ मार्चला, शनिवारी, मीटिंग झाली. निकेशशेठ चिडलेले नव्हते, पण पालकांचे फोन त्यांनाही गेले होते.

"माणूस चांगला हाय," ते म्हणाले. "पण सहा सांगितले होते, एकपण नाय आला. मी आता कुठल्या तोंडानं ऑर्डर काढू? बसवर राहू दे त्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं त्याचं जमतं. तुमीच सांगा त्याला."

उपक्रम त्याच दिवसापासून बंद, असा ठराव मी लिहून घेतला.

निकाल रोखल्याचे बळीरामला माहीत होते. पण रोखले म्हणजे उशिराने येतील, असे त्याने धरले होते. बोटीवर पगारही असेच रोखायचे आणि पुढच्या बंदरात द्यायचे, असे तो म्हणायचा. १० मार्चला सोमवार होता. मी साडेतीनला वर्गाच्या दाराशी गेलो. टेबल मांडले होते. नेहमीची आठ मुले आली होती. मनस्वी वाढपी झाली होती आणि गिऱ्हाइकाला सांगत होती की सूप संपले आहे. गिऱ्हाईक ऐकेना. बळीरामने मला पाहिले आणि एक खुर्ची ओढून दिली.

"बसा, भाऊसाहेब. आज तुमीपन गिऱ्हाईक."

मी बसलो. मनस्वीने काहीतरी विचारले, मला कळले नाही, सगळी हसली. मी पाच मिनिटांनी उठून ऑफिसात आलो.

बुधवारी १२ तारखेलाही मी सांगितले नाही. १७ तारखेलाही नाही. त्या दिवशी तर मी दाराशीसुद्धा गेलो नाही, खिडकी लावून घेतली. सांगायचे वाक्य मी तयार केले होते, पण त्या वाक्यात खुलाशाचा उल्लेख करायचा की नाही हे मला ठरवता येत नव्हते.

१८ तारखेला चारुता मॅडमनी कॅन्टीनवाल्याला विचारले की ताटे अजून वर्गात का जातात, आणि माझ्या केबिनमध्ये आल्या. त्या संध्याकाळी मी बळीरामच्या घरी गेलो. चंद्रावती दोनशे भाकऱ्यांच्या ऑर्डरीचे पीठ मळत होती. मी सगळे सांगितले. बकरी, ठराव, खुलासा, आणि तो खुलासा मी टाइप केला हेही.

बळीरामने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "पाठ करायचं तुमीच बोललात, नाय का?"

"मीच म्हणालो."

"ते नाय लिवलं त्याच्यात?"

"लिहिलं होतं. काढलं."

चंद्रावतीने पिठातला हात न काढता म्हटले, "बावीस वर्सं तिकडचं खाल्लं, काय झालं नाय. आनि हितं एक बकरी पचली नाय."

"गप गं," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "भाऊसाहेब, तुमची नोकरी एक वर्स राह्यली. नाव टाकून तुमाला काय मिळालं असतं? मनापन काय मिळालं असतं?" हे तो रागाने बोलला नाही.

मग त्याने मनस्वीचे विचारले. तिचे पत्र पास होण्यासारखे होते, असे अरुंधती मॅडम म्हणाल्या होत्या, हे मी सांगितले. ते ऐकून तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"मी त्या पोरीवर ओरडलो," तो म्हणाला.

मी निघालो तेव्हा त्याच्या फोनवर एत्तोरेचा आवाजी निरोप आला होता. त्याने तो लावला. मला त्यातला नेरीना एवढा एकच शब्द समजला. काय म्हणतो, असे मी विचारले.

"विचारतोय, बकरी पास झाली का म्हनून."

त्याने उत्तर दिलेले नाही. आता चार रविवार झाले, फोनही केलेला नाही. मनस्वीला तिच्या पत्राबद्दल मी सांगितले, कारण त्याने सांगितले नाही. ती म्हणाली, "मग काका का चिडले होते?" पुढच्या सत्राला बसशील का, विचारले तर म्हणाली, शिकवणार कोण? तिच्या घरून पुन्हा साडेनऊ हजार निघणार नाहीत, हे ती बोलली नाही. बळीराम दोन्ही वेळच्या बसवर आहे. मुलांना आता तो मराठीत मोजतो.

१०, १२ आणि १७ मार्च अशा तीन तासिकांचे व्हाउचर मी चारुता मॅडमसमोर ठेवले. आठ तारखेनंतर वर्गच नव्हता, मग तास कसले, असे म्हणून त्यांनी ते परत केले. मी माझ्या खिशातून पैसे देऊ केले, तर बळीरामने घेतले नाहीत. म्हणाला, तास शाळेचे होते. तासाचे अडीचशेप्रमाणे ७५० रुपये शाळेकडून त्याला येणे आहेत.